जमुनाबाईचं कोपर

आईचं कुंकू वाकडं लागलं होतं. बस, एवढंच. दोन भुवयांच्या मधात पाहिजे होतं ते डाव्या भुवईवर चढून बसलं होतं अन् एका बाजूनं जरासं फिस्कटलं होतं. सकाळचे सात वाजले होते. बाप, वामनराव, संत्र्याची गाडी घेऊन कधीचाच अमरावतीच्या राजकमल चौकाकडे गेला होता, अन् पौर्णिमा दारात चहाचा गिलास धरून पाहून राहिली होती. आई आरशासमोर डाव्या हाताच्या बोटानं कुंकू लावत होती. उजवा हात मांडीवर पडला होता, तळवा वर करून, जसा काही शेजारणीनं सांभाळायले ठेवून दिलेला.

"आई, कुंकू वाकडं झालं."

"होऊ दे. कोनाले पाहाचं हाय माह्या थोबाडाकडं?"

"डाव्या हातानं काहून लावून राहिली?"

"तुले काय करा लागते? चहा पे, थंडा होते."

पौर्णिमाले राग आला. तिले राग यायले तसं कारण लागतच नव्हतं, पण हा राग तोंडातून निघाला नाही, पोटात गेला अन् तिथंच थंड पडला. दीड महिन्यापासून आई म्हणत होती, बरं हाय आता, अन् पौर्णिमाले ते खरं धरायचं होतं म्हणून तिनं खरं धरलं होतं. आता एकदम सारंच दिसायले लागलं. दाराची कडी आई डाव्या हातानं काढते. कपडे पिळत नाही, तसेच दोरीवर टाकते, अन् त्यांच्याखाली आंगणात पाण्याचं डबकं साचते. परवा लोणच्याच्या बरणीचं झाकण तिनं बरणी दोन गुडघ्यांत दाबून उघडलं होतं अन् वरून हसली होती. सोळा वर्षाची पोट्टी, डोळे असे की गल्लीत कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला हे लांबूनच सांगेल, अन् घरातलं तिले दिसलं नाही. दिसलं नाही असं नाही. तिनं पाहिलं नाही. कारण पाहिलं असतं त ते आपल्यानंच झालं, हे बी पाहा लागलं असतं.

जमुनाबाई रोट्या करायची. तव्यावरच्या नाही, मडक्यावरच्या, लांब रोट्या. लग्नात पाटवडीचा रस्सा ठरला की बडनेरा रोडपासून वलगावपर्यंत जमुनाबाई अन् तिची जोडीदारीण पार्बताबाई यांनाच पहिला निरोप यायचा. पातळ कणीक परातीत घ्यायची अन् उचलून उचलून आपटायची, तिले तार सुटेस्तोर, तासभर. मंग त्यातला एक गोळा मनगटावर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवायचा. झुलता झुलता तो कोपरापर्यंत उतरायचा, ओल्या धोतरासारखा पातळ, पलीकडचा माणूस दिसेल असा, अन् तसाच पालथ्या मडक्यावर पडायचा. मडक्याखाली लाकडं धडधडत राहायची. एका लग्नाले तीनशे रोट्या. लहानपणी पौर्णिमाले वाटायचं की आईच्या हातात हाडं नाहीतच. त्या हातांवर मनगटापासून वर भाजल्याचे डाग होते, रोटीवर पडतात तसेच तांबूस, अन् पौर्णिमा झोपताना त्यांच्यावरून बोट फिरवायची, एका डागावरून दुसऱ्या डागावर, जसं नदीत दगडांवर पाय ठेवत जावं. नववीत असताना शाळेतली एक बाई वर्गात म्हणाली होती, रोटीवालीच्या पोरीचे हात चालतात, डोकं कुठून चालणार? पौर्णिमानं कंपासपेटी फेकून मारली. बाईले लागली नाही, खिडकीचा काच गेला. कोणी शाळेतून काढलं नाही, हीच परत गेली नाही. वामनरावानं काच बसवून दिला.

पण पौर्णिमाजवळ एक गोष्ट होती जी कोणत्याच वर्गात कोणाजवळ नव्हती. ती पायाळू होती. जन्मताना डोकं मागं राहिलं अन् पाय आधी आले. अशा माणसाचा पाय लागला की लचकलेली पाठ मोकळी होते, हे गल्लीत कोणाले समजावून सांगा लागत नव्हतं. चार वर्षाची होती तवापासून रविवारी सकाळी दारात माणसं यायची. आई तिचे पाय गरम पाण्यानं धुवायची, आंगणात पोतं टाकायची, अन् त्या पोत्यावर कोणी ना कोणी पालथं पडायचं. मंग आई मागून तिच्या काखेत हात घालून तिले उचलून धरायची अन् पौर्णिमा त्या पाठीवर पाय टेकवायची, तीनदा. मोठी झाली, अंगानं भरली, तरी आई मागून कमरेले धरायचीच. तिले माणसं पाठीवरून ओळखू यायची. शेजारचा पुंजाजी, ज्याच्या पाठीवर मधोमध मस होता अन् जो दर महिन्याले सिमेंटची पोती उचलून लचकून यायचा. ती टेलरीण, जिची पाठ कोवळी होती अन् पाय टेकताच थरथरायची. तोंडानं खेकसणारी माणसं पाठीनं किती गरीब असतात, हे पौर्णिमाले माहीत होतं. पाय टेकला की ती माणसं लांब श्वास सोडायची, अन् तो श्वास तळव्याले लागायचा, खालून, जसा चुलीजवळच्या जमिनीतून गरमपणा येतो.

अन् तो रविवार. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. आई वलगावच्या लग्नातून रात्री आली ते उजवं कोपर धरूनच. सकाळी पौर्णिमा उशिरा उठली, दूध उतू गेलं, त्यावरून बोलाचाली झाली, अन् आई म्हणाली, "शाया सोडली, रोटी शिकत नाही, तुह्या हातानं काय होनार हाय वं या जन्मात?" पौर्णिमा गप्प बसली. ती गप्प बसते तवा जास्त वाईट असते. दुपारी आईनंच पाट घेतला, त्याच्यावर आपला हात आडवा ठेवला अन् डोळे मिटून म्हणाली, "लाव बाप्पा पाय एकडाव. पाठीले चालते त कोपराले बी चालन." मागून धरायले कोणीच नव्हतं. धरणारीच खाली बसली होती. सकाळचं ते बोलणं अजून पौर्णिमाच्या टाचेत होतं. पहिल्यांदा तिनं पाय टेकवला. दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा भिंतीकडे पाहत सारा भार टाकला. आईच्या तोंडून फक्त "हूं" निघालं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, आराम हाय, अन् दोनशे रोट्यांच्या कामाले निघून गेली. पण पौर्णिमाच्या तळव्याले ते कोपराचं हाड अजून लागत होतं. पाय धुतले तरी लागत होतं. चालताना लागत होतं, जसा चपलेत एक खडा राहून जावा, अन् चप्पल झटकली तरी निघू नये.

म्हणून त्या वाकड्या कुंकवाच्या सकाळी तिनं चहा तसाच ठेवला अन् अकोल्याले शकुन मावशीले फोन लावला. मावशी तिथल्या एका दवाखान्यात आयाबाई होती. आई म्हणत राहिली, काही नाही झालं मले, तेल लावलं की होते. पौर्णिमा ओरडली, "तेल लाव नाहीतर तूप लाव, उद्या बस धराची म्हनजे धराची!" बसमध्ये आईनं उजवा हात पदरात गुंडाळून घेतला होता. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू गेलं, खिडकीतून तुरीचे कापलेले फण, टोकदार खुंट, दिसत होते, अन् पौर्णिमा एकच गोष्ट घोकून राहिली होती की डॉक्टर म्हणणार, हे हाड कोणी दाबलं?

मावशीच्या दवाखान्यात आरती मॅडम म्हणून व्यायामाच्या डॉक्टर होत्या, बारीक चणीच्या, चष्मा डोक्यावर. त्यांनी आईचा हात टेबलावर ठेवला, कोपराच्या बाहेरच्या बाजूले एका बोटानं शोधत शोधत एका जागी टेकवलं, अन् आई "माय वं!" करून अर्धी उठली. मंग म्हणाल्या, मूठ वळा, मनगट वर उचला, मी खाली दाबते. आईची मूठ वर राहिली नाही. लगेच पडली, पिकलं पान पडावं तशी, आवाज न करता. पौर्णिमानं पाहिलं अन् दुसरीकडे पाहिलं.

"टेनिस एल्बो," मॅडम म्हणाल्या.

"टेनिस?" शकुन मावशी हसायले लागली. "अवो मॅडम, हे बाई त कधी लगोरी नाही खेयली!"

"खेळावं लागत नाही मावशी. मनगट उचलणारी एक दोरी असते ना, ती इथं या हाडाला चिकटलेली असते. तीच हालचाल वर्षानुवर्षं केली की ती झिजते, तिचे धागे सुटायला लागतात. काय काम करता तुम्ही?"

आईनं सांगितलं. सांगता सांगता डाव्या हातानं हवेत रोटी झुलवून बी दाखवली. मॅडमनं चष्मा डोळ्यांवर घेतला अन् त्या हवेतल्या रोटीकडे पाहत राहिल्या.

"सुई द्या ना एखादी," आई म्हणाली. "लगनं हायेत चैतातले."

"सुई दिली तर तुम्हाला पंधरा दिवस बरं वाटेल, तुम्ही लगेच परात उचलाल आणि पुन्हा इथंच याल, याच्याहून वाईट होऊन. तीन महिने परात नाही. हा पट्टा कोपराच्या खाली बांधायचा. सुरुवातीला बर्फ, दहा मिनिटं, कपड्यात गुंडाळून. व्यायाम मी शिकवते. आणि एक, जोरानं चोळायचं नाही, दाबायचं नाही, कुणाकडून ओढून-दाबून घ्यायचं नाही. कळलं?"

हे शेवटचं त्यांनी पौर्णिमाकडे पाहून म्हटलं, कारण तीच जवळ उभी होती. पौर्णिमानं मान हलवली अन् आपल्या पायाकडे पाहिलं. पाय चपलेत होते. अंगठ्याच्या नखावर जुनी मेंदी होती, अर्धी वाढून गेलेली. विचारायचं होतं. मॅडम, कोणी पाय दिला असेल त? जिभेवर आलं होतं. पण मावशी बर्फाचं विचारत होती, दुसरा पेशंट दारात खोकत होता, अन् आई पट्टा बांधून हात असा समोर धरून पाहत होती, जशी नवी बांगडी भरली की पाहतात.

मंग घरी ते दिवस सुरू झाले. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, भरलेली. आई खुर्चीवर बसायची, हात टेबलाच्या काठावर, पंजा बाहेर लोंबता. बाटली वर उचलायले डाव्या हाताची मदत घ्यायची, अन् खाली आणायचं काम एकट्या उजव्यानं करायचं, हळू, पाच मोजेपर्यंत. पंधरा वेळा. मोजायचं काम पौर्णिमाचं. पौर्णिमाले हळू काहीच येत नव्हतं. तिचं एक-दोन-तीन-चार-पाच एका श्वासात निघून जायचं.

"हडू वं," आई म्हणायची, "बस सुटून नाही राहिली तुही."

"हडूच त मोजून राहिली!"

"हे हडू हाय? गोया झाडून राहिली बंदुकीतून."

मंग ती हळू मोजायले शिकली. एक म्हटल्यावर दोन कुठं ठेवायचं ते आईच्या मनगटाकडे पाहून समजायले लागलं. दोनपाशी मनगट थरथरते, तीनपाशी ओठ दाबले जातात, चारपाशी गळ्याची शीर वर येते. पाच कधी म्हणावं याची ती वाट पाहायची अन् पाच म्हणताना स्वतःचाच श्वास सुटायचा. ती कपडे पिळायची, भाकरी थापायची, परातीतली कणीक मात्र पार्बताबाईच्या हाताखाली जाऊन दोनदा आपटून आली अन् दोन्ही वेळा रोटी मडक्यावर जायच्या आधीच फाटून निखाऱ्यात पडली. संध्याकाळी आईची वेणी घालायची. आईचे केस मधात विरळ झाले होते, भांगात पांढरी कातडी दिसायची. सोळा वर्षांत पौर्णिमानं आईचं डोकं वरून कधी पाहिलंच नव्हतं. लहान मुलाच्या टाळूसारखं होतं ते. तेल लावताना तिचा हात आपोआप हलका व्हायचा अन् तो हलका हात पाहून तिले रडू यायचं, अन् रडू आलं की राग यायचा, अन् ती म्हणायची, "हालू नको ना वं, वेनी वाकडी होते!"

पाय मात्र तिनं कोणालेच लावला नाही. फागुनात पुंजाजी कमरेत वाकून आला, आपणच पोतं आंथरून पालथा पडला. "चाल वं पोरी, तीन ठोके दे." पौर्णिमा दारातून म्हणाली, "नाही लावत." पुंजाजी पोत्यावरूनच हसला, "काहून? मले आंघोय करून याचं होतं काय?" तिनं दार लावून घेतलं. म्हातारा कितीक वेळ पोत्यावर तसाच पडून होता, मंग आईनं त्याले बाहेर जाऊन उठवलं, डाव्या हातानं. आईनं विचारलं, काय झालं तुले? पौर्णिमा म्हणाली, घाण वाटते. त्या रात्री जेवताना तिनं अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवली. पाठी आठवत होत्या, सगळ्या, ओळीनं पालथ्या. आपल्या पायानं एवढ्या वर्षांत अजून कोणाकोणाचं काय काय मोडलं असेल? ती टेलरीण गाव सोडून गेली ती का गेली?

मे महिन्यात चौथ्यांदा अकोल्याले गेल्या तवा ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेले चिकटत होतं. मॅडमनं आईच्या हातात ते दाबायचं यंत्र दिलं, ज्याचा काटा फिरते. मार्चात काटा जागचा हालायले तयार नव्हता. आज उजव्या हातानं तो जवळजवळ डाव्या हाताएवढाच गेला. "छान," मॅडम म्हणाल्या, "जून संपला की दहा रोट्यांपासून सुरू करा. दहा म्हणजे दहा." आई एवढी खूश झाली की मॅडमच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. स्टँडवर दोघी बाकावर बसल्या. वरचा पंखा बंद होता. अमरावतीची बस लागायची होती. आई पिशवीतून काकडी काढून सोलायले लागली, उजव्या हातात सुरी धरून, अन् सहजच म्हणाली, "आता येत्या रयवारी पुंजाजीले नाही म्हनू नको. तीन डाव वापस गेला बिचारा."

"मी नाही लावत पाय. कोनालेच नाही."

"काहून पन? सांगशीन त."

"माह्यानं झालं ते." पौर्णिमा समोरच्या उभ्या बसच्या चाकाशी बोलत होती. "तुहं कोपर. त्या रयवारी. तू म्हटलं होतं, तुह्या हातानं काय होनार हाय. मले राग आला होता. म्या टाच दाबली. मुद्दाम. तिसऱ्यांदा त मी पुरी उभी राह्यली तुह्या हातावर."

काकडीची साल लांब लोंबत होती, ती आईनं तुटू दिली नाही. पूर्ण सोलली, मंग सुरी पदराले पुसली.

"दोन वर्ष झाले," ती म्हणाली.

"कायले?"

"कोपर दुखाले. पार्बताबाईले विचार. दिवाईच्या आंधी त माह्या हातातून परात सुटली होती कनकेसकट. सांगतलं नाही कोनाले. सांगतलं असतं त लोकायनं दुसरीले बलावलं असतं." तिनं काकडीची साल उचलून बाकाखाली टाकली. "तुह्या पायानं नाही झालं ते."

"वाढलं त असन. त्याच्यानंच वाढलं."

"नाही वं बाई. तुह्या पायानं काहीच होत नाही." बोलून गेली अन् मंग तिचं तोंड असं झालं जसं दुधाच्या गंजाले हात लागून तो सांडावा. पण आता सांडलंच होतं. "ना वाढत, ना कमी होत. त्या दिवशी भार पडला, पन दोरी आंधीच झिजली होती. अन् पाठीवर तुले धरत कोन होतं मागून? मी. वजन सारं माह्या हातावर, तुहा पाय त नुसता टेकत होता. तुह्यावाला भार पडला असता त म्हाताऱ्याची फासोयी गेली असती. घरी जाऊन दोन दिवस पडून राहते पुंजाजी, मंग बरा होते."

पौर्णिमाच्या तळव्यातून ते हाड निघून गेलं. एकदम, साडेतीन महिन्यांनी, तिले कळलं सुद्धा की कोणत्या क्षणाले गेलं. अन् त्याच्याच मागोमाग बाकीचं बी जायले लागलं. पाठी, श्वास, पोतं, गरम पाणी, रविवारची सकाळ, दारातली ती माणसं, जी फक्त तिच्यासाठी वाकत वाकत आली होती. तळवा रिकामा झाला. एवढा रिकामा की आता खाली जमीन आहे की नाही हे बी त्याले समजत नव्हतं. बारा वर्षं ती उभी होती ते कोणाच्या पाठीवर नव्हतीच, आईच्या हातांवर होती.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? शाया सोडून आली तवा आठ दिवस भितीकडं तोंड करून पडली होती. रयवारी लोक आले त उठली. तोंड धुतलं, वेनी घातली, उभी राह्यली. म्हटलं एवढं त राहू दे हिच्याजवय."

हे तिनं एवढ्या हळू सांगितलं की पौर्णिमाले ते सहन झालं नाही. कोणी तिच्याशी एवढ्या हळू बोललं की तिले कुठं पळावं ते समजत नव्हतं, अन् ती जिकडे नेहमी पळायची तिकडेच पळाली. "येडी बनवलं मले!" ती उभी राहून ओरडली. "साऱ्या गल्लीनं! अन् तू पुढं होऊन! दुखलं तरी सांगाचं नाही, खरं तरी सांगाचं नाही! खोटारडी हायेस तू, एक नंबरची खोटारडी, जाऊ दे तुहं कोपर खड्ड्यात..."

धपाटा बसला. पाठीत, खांद्याच्या खाली, पूर्ण उजवा हात खांद्यापासून फिरून आला अन् असा बसला की शेजारच्या बाकावर झोपलेला माणूस उठून बसला. पौर्णिमा मटकन खाली बसली. आईचा हात अजून हवेतच होता. दोघी त्याच्याकडे पाहून राहिल्या. आईनं मूठ वळली, उघडली. परत वळली.

"दुखलं?" पौर्णिमानं विचारलं.

"तुले दुखलं?"

"तुले विचारून राहिली मी."

आई मान जराशी तिरपी करून आतून ऐकत राहिली, भाजीत मीठ बरोबर पडलं की नाही हे जिभेवर धरून पाहतात तशी. "नाही," ती म्हणाली. मंग आपणच चकित होऊन, मोठ्यानं, त्या उठून बसलेल्या माणसाले सांगितल्यासारखं, "नाही वं! काहीच नाही दुखलं!" अन् तिनं काकडीचे दोन तुकडे केले अन् मोठा तुकडा पौर्णिमाच्या हातात कोंबला.

बस लागली. कंडक्टर मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती ओरडायले लागला, लोक पिशव्या घेऊन दाराकडे पळाले. आतमध्ये खिडकीजवळ जागा भेटली. पौर्णिमा ताठ बसली, पाठ शिटाले न टेकवता. खांद्याच्या खाली पाच बोटं चुरचुरत होती, एकेक वेगळं समजेल अशी, अन् काकडी खाता खाता ती त्यांच्याकडे ध्यान देऊन राहिली. आईनं विचारलं, काहून अशी बसली, टेक ना. ती म्हणाली, गरम होते. मूर्तिजापूर येईस्तोर ती तशीच बसून होती, कुठल्याच गोष्टीले पाठ घासून ते पुसून जाऊ नये म्हणून.